हातांचे वार कसे करावेत

वार आणि हात ही लांबीची दोन मापे आहेत. वार म्हणजे ३ फूट किंवा ३६ इंच. हात म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतचे अंतर. व्यवहारात ते १८ इंच, म्हणजे दीड फूट धरतात. वारांचे हात करायचे असतील तर दोनाने गुणावे, हातांचे वार करायचे असतील तर दोनाने भागावे. नऊवारी लुगड्यालाच अठरा हाती लुगडे म्हणत, यावरून हे सूत्र घरोघर पाठ होते असे दिसते. दोनाचा पाढा येणाऱ्या कोणालाही हे रूपांतर जमावे आणि प्रस्तुत विवेचन येथेच संपायलाही हरकत नव्हती. अडचण एवढीच की वार खुंटीला टांगून ठेवता येतो; हात मात्र कोणाच्या तरी खांद्याला जोडलेला असतो.

म्हणून रूपांतराची पहिली पायरी गणिताची नसून चौकशीची आहे. आकडेमोडीला बसण्यापूर्वी ‘हात कोणाचा?’ हा प्रश्न विचारून घ्यावा. नऊ वार म्हणजे ३२४ इंच. ज्या आजींचा हात साडेसोळा इंच भरतो, त्यांच्या हिशेबाने हे लुगडे साडेएकोणीस हातांहून थोडे जास्त होते. वीस इंची हाताच्या धिप्पाड जावयाने तेच मोजले तर ते सव्वासोळा हातही भरत नाही. कापड तेच, दुकान तेच, पैसेही तेवढेच. तरी दोघांच्या मापांत साडेतीन हातांच्या आसपास तफावत येते. या तफावतीवरून दुकानदाराशी वाद घालू नये. वाद मिटवायचाच असेल तर आजींना पुढे करावे, कारण त्यांच्या हाताने माल जास्त भरतो. माल घेताना मात्र जावयाला पुढे करावे.

हाताने मोजण्याची रीत सोपी दिसते, पण तिला शिस्त आहे. कापडाचे टोक डाव्या चिमटीत धरून उजव्या कोपराच्या हाडावर टेकवावे. कोपराच्या आतल्या खळगीत टेकवू नये. तिथे सुमारे एक इंच फुकट जातो. मग कापड मनगटावरून, तळव्यावरून सरळ मधल्या बोटाच्या टोकापर्यंत न्यावे, तिथे चिमटीत पकडावे आणि ती चिमूट पुन्हा कोपरावर आणावी. हात मोजून होईपर्यंत कोणी काही विचारले तर उत्तर देऊ नये. वाढलेली नखे मापात धरत नाहीत. बांगड्यांनी लांबी बदलत नाही, पण कापड त्यांत अडकते. म्हणून त्या कोपराकडे सारून ठेवाव्यात. दुकानातील मीटरपट्टीवर वैधमापन खात्याचा शिक्का असतो. हातावर तो नसतो, फार तर गोंदण असते, आणि ते पडताळणीसाठी ग्राह्य धरले जात नाही.

जाणत्या बायका हात मोजून झाल्यावर शेवटी ‘आणि हे वरचे’ म्हणून चार बोटे जास्त घेतात. ही निव्वळ घासाघीस आहे असा समज आहे. तो बरोबर नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात साधा हात २४ अंगुळांचा सांगितला आहे आणि त्याच ठिकाणी चार अंगुळांची भर घातलेला २८ अंगुळांचा दुसरा हातही आहे. मात्र तो कुरणे मोजण्यासाठी होता. कापडाच्या दुकानात तो वापरला जातो याचे कारण शास्त्रात शोधू नये.

कौटिल्य इथेच थांबत नाही. करवती लावणाऱ्या सुतारांचा, तसेच लष्करी छावण्या आणि किल्ले मोजण्याचा हात ४२ अंगुळांचा आणि लाकूडफाट्याची अरण्ये मोजण्याचा हात तब्बल ५४ अंगुळांचा. पाऊण इंचाचे एक अंगुळ धरले तर साधा हात बरोबर अर्धा वार भरतो, सुताराचा हात वाराला साडेचार इंच कमी पडतो आणि अरण्याचा हात साडेचाळीस इंच, म्हणजे वारापेक्षाही लांब. दोनाने भागण्याचे सूत्र अशा ठिकाणी बाजूला ठेवावे लागते. अरण्यातील हातांचे वार करताना संख्या घटत नाही, वाढते. सरकार जंगलात शिरले की त्याचा हात लांब होतो ही तक्रार आजची नाही, असे यावरून म्हणता येईल.

भास्कराचार्यांनी लीलावतीत (इ.स. ११५०) हा सगळा पसारा आवरला. आठ यवांचे एक अंगुळ, २४ अंगुळांचा एक हात, चार हातांचा एक दंड, दोन हजार दंडांचा एक कोस. यव म्हणजे जवाचा दाणा, तोही आडवा, पोटाकडून मोजलेला. म्हणजे एका हातात १९२ दाणे आणि एका वारात ३८४. हे रूपांतर प्रत्यक्ष दाणे मांडून पडताळायचे असेल तर दुकानदाराची आगाऊ परवानगी घ्यावी आणि पंखा बंद करायला सांगावा.

शिवकालीन जमीनमोजणीची काठी पाच हात आणि पाच मुठी लांब होती. वीस काठ्या लांब व वीस काठ्या रुंद जमिनीचा एक बिघा आणि १२० बिघ्यांचा एक चावर, असा सभासद बखरीतील हिशेब आहे. काठीची लांबी हातांनी सांगायची आणि वर मुठी जोडायच्या, ही युक्ती अभ्यासकांनी बारकाईने पाहण्यासारखी आहे. मूठ आवळली की तिची लांबी चटकन ताणता येत नाही. हात ताणता येतो. बखरीतील हात १४ तसूंचा होता. पुढे इंग्रजी अमलात मुंबईच्या कोष्टकांत तो १६ तसूंचा, म्हणजे १८ इंचांचा झाला, आणि २४ तसूंचा, म्हणजे २७ इंचांचा, गज त्याच्या शेजारी बसला. मुंबईचा गज म्हणून दीड हात आणि पाऊण वार. उत्तरेकडे आज गज आणि वार एकच मानतात. तिकडच्या व्यापाऱ्याशी जुन्या मुंबई गजात बोलणी करणाऱ्याला दर गजामागे पाव वार जास्त मिळत असे. जिथे हा प्रकार दुसऱ्याच्या लक्षात आला, तिथली बोलणी पुढे फार चालत नसत.

आता वाराकडे वळावे. वारही मूळचा शरीराचाच अवयव आहे. इंग्लंडचा राजा पहिला हेन्री याच्या नाकाच्या शेंड्यापासून पसरलेल्या हाताच्या अंगठ्यापर्यंतचे अंतर म्हणजे वार, अशी आख्यायिका आहे. आपल्याकडेही दोन्ही हात पसरून होणाऱ्या मापाला वाव म्हणतात आणि ते चार हातांचे धरतात. कोकणातले कोळी पाण्याची खोली त्यानेच सांगतात. म्हणजे एका वावेत दोन वार, आणि नाक बरोबर मध्यावर असले तर एका बाजूला एक वार. नाक किंचित बाजूला असणाऱ्यांनी हा प्रयोग दोन्ही बाजूंनी करून सरासरी काढावी.

राजाच्या नाकावर विसंबून व्यापार चालत नाही हे कळल्यावर इंग्रजांनी धातूची पट्टी केली आणि ती लंडनच्या पार्लमेंटमध्ये ठेवली. १६ ऑक्टोबर १८३४ रोजी पार्लमेंटची इमारत जळाली आणि तिच्याबरोबर अधिकृत वारही गेला. आगीचे कारण मनोरंजक आहे. सरकारी हिशेबाच्या खाचा पाडलेल्या जुन्या लाकडी काठ्या निरुपयोगी झाल्या होत्या. त्या भट्टीत घालून जाळताना इमारतीनेच पेट घेतला. जुना हिशेब जाळायला गेले आणि नवे मापही जळाले. पुढे १८४५ मध्ये काशाची नवी पट्टी झाली आणि १८५५ मध्ये ती कायद्याने वार ठरली. मधल्या दोन दशकांत इंग्लंडमध्ये कापड विकले जातच होते. हातात मोजणाऱ्या देशांवर अशी वेळ येत नाही, कारण सगळे हात एकाच इमारतीत कोणी ठेवत नाही.

काशाची पट्टीही पुढे किंचित आकसू लागली. शिवाय अमेरिकेचा वार इंग्लंडच्या वारापेक्षा केसाच्या जाडीहूनही कमी, पण मोजता येईल एवढ्या फरकाने लांब होता. शेवटी १ जुलै १९५९ पासून इंग्लंड-अमेरिकेसह सहा देशांनी वार म्हणजे बरोबर ०.९१४४ मीटर असे ठरवून टाकले. म्हणजे वाराने स्वतःची व्याख्या मीटरकडे गहाण ठेवली. तोवर भारताने १९५६ च्या कायद्याने मेट्रिक पद्धत स्वीकारली होती आणि १ ऑक्टोबर १९५८ पासून तिची अंमलबजावणीही सुरू केली होती. जगातल्या वारांचे एकमत झाले तेव्हा भारत वार सोडून निघालेला होता.

या मुहूर्ताचा परिणाम आजच्या रूपांतरावर होतो. दुकानात मागणी वारात करतात, मोजणी मीटरमध्ये होते आणि खात्री हाताने करून घेतात. नऊ वारांचे मीटर ८.२२९६ होतात, सहा वारांचे ५.४८६४. दुकानदार दुसऱ्या आकड्याला साडेपाच म्हणतो आणि गिऱ्हाइकावर दीड सेंटिमीटरभर उपकार करतो. तागा गादीवर उलगडतो, पट्टीवरून कापड सर्रकन पुढे सरकते आणि प्रत्येक मीटरला दुकानदाराचा अंगठा पट्टीच्या टोकावर टेकून उचलला जातो. या अंगठ्याकडे लक्ष ठेवावे. तो टोकाच्या आत टेकला तर दर मीटरला एक बोट जाते. कापड ताणून मोजले जात असेल तर ‘सैल धरा’ एवढेच म्हणावे. हे वाक्य सर्व मापपद्धतींत चालते. मीटरच्या हिशेबात एक हात ४५.७२ सेंटिमीटर भरतो. साधारण सव्वादोन हातांचा एक मीटर धरला तरी मीटरमागे तीन सेंटिमीटरही चुकत नाहीत.

प्रत्यक्ष गणितात सम संख्येचे हात त्रास देत नाहीत. विषम संख्येत एक हात उरतो, तो तसाच लिहावा: सात हात म्हणजे तीन वार एक हात. बेरजेत मात्र गोंधळ होतो. तीन वार एक हात आणि दोन वार एक हात यांची बेरीज सहा वार. दोन हातांचा एक वार झाला आणि तो वारांच्या घरात गेला. या हिशेबात हातचा म्हणून जो येतो तो वार असतो, हात नव्हे. शाळकरी मुलांना हे समजावताना शिक्षकाने वर्गाकडे पाठ करू नये.

क्रिकेटची खेळपट्टी २२ वारांची, म्हणजे ४४ हातांची. फुटबॉलमध्ये बचाव करणाऱ्याने पेनल्टी क्षेत्रात हाताने चेंडू अडवला तर १२ वारांवरून शिक्षा होते, म्हणजे एका हाताबद्दल चोवीस हातांची. मनुष्यदेह साडेतीन हातांचा हे तर सर्वमान्य आहे; चरकसंहितेत उंची ८४ अंगुळे दिली आहे, तिला २४ ने भागले की साडेतीनच येतात. त्याचे वार पावणेदोन, इंच ६३, म्हणजे सव्वापाच फूट. प्रत्यक्षात बहुतेकांची उंची स्वतःच्या हाताच्या साडेतीन पटींहून थोडी जास्तच भरते. तरी कीर्तनकारांनी पावणेदोन वारांचा देह असा शब्दप्रयोग सुरू करू नये. श्रोत्यांचे लक्ष देहाच्या नश्वरतेवरून कापडाच्या भावाकडे जाते.

क्षेत्रफळाच्या बाबतीत सर्वांत जास्त चुका होतात आणि त्यांतल्या बऱ्याच न्यायालयापर्यंत पोहोचतात. वारात दोन हात असले तरी चौरस वारात चार चौरस हात असतात. गुंठा म्हणजे ३३ फूट लांब, ३३ फूट रुंद जागा. तिची बाजू ११ वार किंवा २२ हात. म्हणून गुंठ्यात १२१ चौरस वार आणि ४८४ चौरस हात. आता शेजारच्या भावाने बांध कोरून हातभर आत घेतला असे समजू. बावीस हात लांब बांधावर हातभर रुंदी म्हणजे २२ चौरस हात, म्हणजेच साडेपाच चौरस वार, म्हणजेच साडेचार चौरस मीटरांहून थोडे जास्त. तक्रार हातात सांगितली जाते, मोजणीची फी रुपयांत भरली जाते, नकाशा मीटरमध्ये येतो आणि सातबारावर तो हेक्टर-आरमध्ये उतरतो. या प्रवासात क्षेत्र बदलत नाही, पण ते इतके लहान दिसू लागते की दोन्ही भावांना आपण कशासाठी भांडलो ते सांगता येत नाही. म्हणून बांधाच्या भांडणात शेवटपर्यंत हातच वापरण्याची प्रथा आहे.

येथवर सांगितलेला हात मराठी आहे. इंग्रजांचाही एक हात आहे आणि रूपांतर करणाऱ्या यंत्रांत व तक्त्यांत सहसा तोच असतो. तो म्हणजे तळव्याची आडवी रुंदी, चार इंच. त्याने फक्त घोड्यांची उंची मोजतात, तीही डोक्यापर्यंत नव्हे, मान संपून पाठ सुरू होते त्या उंचवट्यापर्यंत. डोके घोडा वरखाली करतो. आठव्या हेन्रीच्या अमलात १५४० च्या कायद्याने १५ हातांपेक्षा खुजे वळू गायरानात सोडायला बंदी केली होती, कारण राजाला लढाईसाठी उंच घोडे हवे होते. या हाताने एका वारात नऊ हात बसतात. त्याची लिहिण्याची पद्धत फसवी आहे. १४.२ म्हणजे चौदा हात दोन इंच, म्हणजे ५८ इंच. चौदा पूर्णांक दोन दशांश नव्हे. १४.३ नंतर १५ येते आणि १४.४ असा घोडा जगात नाही. साधारणपणे १४.२ पर्यंतच्या घोड्याला तट्टू म्हणतात.

दोन्ही हातांची गल्लत झाली तर काय होते हे पाहून ठेवावे. सहज उपलब्ध तक्त्यात ‘नऊ वार’ घालून हात विचारले तर उत्तर ८१ येते. एक्क्याऐंशी हातांचे लुगडे कोणी नेसत नाही. तेवढे वस्त्र द्रौपदीलाच पुरले असते आणि तिच्या बाबतीत तर मोजणेच सोडून द्यावे लागले. उलट साडेतीन हातांचा देह घोड्याच्या हातांत मांडला तर ६३ इंचांचे पंधरा हात तीन इंच होतात. ही उंची शर्यतीच्या घोड्याला साजेशी आहे, पण अर्ज भरताना ती माणसाच्या रकान्यात लिहू नये.

फुलांचा व्यवहार मात्र अजून हाताला धरून आहे. तमिळनाडूत गजरे मुळम् या मापाने विकतात, कर्नाटकात मोळ म्हणतात, आणि दोन्ही म्हणजे कोपर ते बोटाचे टोक. हात विकणाऱ्याचा असतो आणि मोजताना तो कोपरात किंचित वाकतो. तिथे वारांत रूपांतर करण्याचा आग्रह धरू नये. अर्धा वार गजरा मागणाऱ्या माणसाला फूलवाली आधी नीट न्याहाळते आणि मग भाव वाढवून सांगते.

एक सूचना राहिली. सुती कापड पहिल्या धुण्यात आटते आणि त्यामुळे अठरा हाती लुगडे दोरीवर वाळत घातल्यावर अठरा हात भरेलच असे नाही. सर्व रूपांतरे कापड धुण्यापूर्वी पूर्ण करावीत. धुतल्यानंतर फरक निघाला तर तो आपल्या हाताचा आहे की कापडाचा हे ठरवण्यासाठी दुकानात परत जाण्यापूर्वी गल्ल्यामागची पाटी वाचावी. एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही, असे तिच्यावर लिहिलेले असते, आणि या नियमाला मापाची पद्धत कोणतीही चालते.